धुतलेला रोल

सखूबाईंनी स्टीलचा डबा काउंटरवर ठेवला आणि झाकण काढलं. आत फोटोचा रोल होता. इवल्या डबीतून पार ओढून काढलेला, नीट गुंडाळलेला आणि रिठ्याच्या पाण्यात स्वच्छ धुतलेला.

"घरातच वलणीवर वाळवलाय," त्या म्हणाल्या. "भाईर उनानं रंग उडंल म्हनून."

वेल्ह्याच्या बाजारात मौलालीचा फोटो स्टुडिओ बावीस वर्षं होता. एके काळी शुक्रवारची नमाज पढून येईपर्यंत दारात गिऱ्हाईक ताटकळत असे. मग हातोहाती मोबाईल आले आणि ज्याचा तो फोटोग्राफर झाला. उरले ते कचेरीतल्या अर्जांवर चिकटवायचे चेहरे, तेही हसू नका म्हणून बजावलेले. आजही तो नमाज पढून परतला तेव्हा दारात एकट्या सखूबाईच होत्या. बायको बिलकीस गेल्यापासून घरातही बोलायला कुणी नव्हतं. रोल घेऊन कुणी आलं की त्याला पाहुणा आल्यासारखं वाटायचं. वर्षभरात हा पहिलाच रोल, आणि तो असा.

जन्मभर आपण लोकांना 'रोल धुवायला टाका' म्हणत आलो, पण तो अंधारात, रसायनानं धुतात ते काही कुणाला सांगितलं नाही. त्याचं त्यालाच वाईट वाटलं.

"धुवायला कुनी सांगितलं, मावशी?"

"आमच्या पोरानं, भिमानं. चाकनला कंपनीत गेला तवा ह्यो देऊन गेला." त्यांनी पिशवीतून कॅमेरा काढला. साबणाच्या वडीएवढा, काळा, कोपरे झिजलेले. असले कॅमेरे मौलालीनं ढिगानं विकले होते. उजेडाचं मोजमाप नाही, भिंगावरच्या चकत्या फिरवणं नाही, बटण दाबलं की झालं. ज्याला काहीच येत नाही त्यालाही फोटो काढता यावा म्हणून कुणीतरी डोकं लावलं होतं, आणि मौलालीचा त्या यंत्रावर जीव होता तो त्यासाठीच.

"म्हनला, छत्तीस झालं की रोल धुऊन घे," सखूबाई सांगत होत्या. "म्या मोजून छत्तीस काढलं. समदं भिमासाठीच."

मौलालीनं पट्टी दारापाशी नेऊन पाहिली. पाहायचं काही नव्हतंच. डबीतून ओढली तेव्हाच उजेडानं सगळं खाल्लं होतं, रिठा नुसता निमित्ताला. पोरगा लांब, म्हातारीनं त्याच्यासाठी जमवलेलं एवढंच, आणि तेही गेलं. दोन दिवसांनी या, असं त्याच्या तोंडावर आलं होतं. पण म्हातारीनं तिच्या पाली गावाहून पुन्हा हेलपाटा घालून हेच ऐकायचं तर आजच का नको?

"मावशी, उजेड लागला की रोल वाया जातो. ह्यात आता काय बी न्हाई. कोरा हाय."

सखूबाई रडल्या नाहीत. त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

"कोरा म्हंजी कुनीच न्हाई त्यात?"

"कुनीच न्हाई."

"मग बरूबर निघालाय." त्या शांतपणे म्हणाल्या. "दर शनवारी मुक्कामाची एष्टी येती. दार उघडलं का म्या बटन दाबायची. भिमा उतरता उतरता घावावा म्हनून."

त्यांनी कॅमेरा त्याच्यापुढं सरकवला.

"नवा रोल घाला, भाऊ. उद्या शनवार हाय."