काकांचा टीव्ही

विजेच्या तारांना लागणाऱ्या फांद्या छाटायला मुकादम दर वर्षी माणसं घेऊन त्या गल्लीत यायचा. आणि दर वर्षी तळमजल्यावरचे काका खिडकीतूनच ओरडायचे, "अहो मुकादम, ती फांदी सोडून बाकी काय हवं ते तोडा! अंथरुणावरून मला तेवढाच टीव्ही दिसतो."

फांदी तारेपासून जेमतेम हातभर लांब होती, नियमात मुळीच बसत नव्हती. पण तिच्यावरच्या बुलबुलांना काकांनी नावंसुद्धा दिली होती. मग करवत लावायचा धीर कुणाला व्हायचा? "बरं बाबा, एवढ्या वर्षी राहू दे," असं पुटपुटत मुकादम शिडी उचलून पुढच्या झाडाकडे वळायचा.

या वेळी मात्र शिडी टेकवायच्या आधीच काकू फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या.

"ती फांदीही उतरवा," त्या म्हणाल्या.

"नको हो काकू, काका माझी सालटी काढतील!" मुकादम हसत हसत खिडकीकडे वळला. खिडकी बंद होती.

"मागच्या वादळात तीच तारेवर आदळली," काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. "चार तास गल्लीत लाईट नव्हती."

मुकादम मान खाली घालून म्हणाला, "चूक माझीच, काकू. फार गैरसोय झाली असेल तुमची."

 

"ह्यांचं ऑक्सिजनचं मशीन लाईटवर चालायचं."