अंगणासकट

देमिसे पावलं टाकत बहिणीचं अंगण मोजत होता. चौदा लांब, नऊ रुंद. भोवती हिरव्या पत्र्याचं कुंपण. रंगाचा वास अजून गेला नव्हता. कुंपण लागल्यापासून त्याच्या खेपा वाढल्या होत्या.

"आठ टेबलं आरामात बसतील. समोर बसथांबा. कॉफीचं दुकान धो धो चालेल, आणि तू इथं धुणं वाळत घालतेस!"

"गाशे, माझं राहतं घर आहे ते," वुबित म्हणाली.

थोरल्या भावाला ती अजून मानानेच हाक मारायची. त्याच्या हातचा घास मात्र तिने अकरा वर्षांत घेतला नव्हता. वडील गेल्यावर त्याने आंधळ्या आईचा अंगठा उठवून त्यांचं घर बळकावलं आणि वुबितचं सामान रस्त्यावर मांडलं. ते आठवलं की तिचं काळीज अजून पेटायचं. पुढे सरकारी सोडतीत तिला काँडोमिनियमच्या इमारतीतलं हे तळमजल्याचं घर लागलं. आता यावरही त्याचा डोळा होता.

"अदलाबदल करू. तू बाबांचं घर घे. छप्पर गळतं, पण आईचं पीचचं झाड आहे की!"

"एकदा घराबाहेर काढलंस, पोट भरलं नाही का तुझं?"

ती शेजारणींसमोर ढसाढसा रडली. लोभी माणसाला नको म्हटलं की त्याची भूक वाढते. देमिसे महिनाभर रोज येत राहिला. शेवटी ती थकून हो म्हणाली.

नोंदणी कचेरीत तिने कागद त्याच्यापुढे सरकवला. "नीट वाचून घे, गाशे."

"मला शिकवतेस? घर आलं की अंगण आलंच. बाबांच्या घराचं नाही आलं?"

सह्या झाल्या. दुपारी त्याने इंजेराच्या आंबूस भाकरीचा घास तिच्या तोंडापुढे धरला. या वेळी तिने तो खाल्ला.

शनिवारी देमिसे टेबलं मांडत होता, तेवढ्यात रहिवासी समितीचे अध्यक्ष आतो शिफेराव दोन गडी आणि पहार घेऊन आले. पहिला पत्रा उचकटला.

"अहो, माझं कुंपण!"

"काँडोमिनियम आहे हे, भाऊ. भिंतींच्या आतलं तुमचं, बाहेरची जमीन बत्तीस घरांची. लग्नाचा मांडव इथंच, सणाची मेंढीही इथंच कापायची. टेबलं उचला."

"बहिणीच्या वेळी बरं चाललं!"

"कुठं चाललं? दोन महिन्यांपूर्वी तिने पत्रे ठोकले, दुसऱ्याच दिवशी लेखी तक्रार आली. समितीची सभा तेवढी काल झाली."

"कोण तो चहाडखोर? नाव सांगा, बघून घेतो त्याला!"

शिफेरावांनी खिशातून अर्ज काढला आणि उलगडून त्याच्यापुढे धरला. खाली सही वुबितची होती.