उत्तरेची भिंत

गवंड्याने ड्रिल बाहेर ओढलं, तसा जर्मनीत, डार्मश्टाटच्या लॅबमधल्या पडद्यावर नुसता धुरळा उडाला. ऊर्मिलाने खुर्ची पुढे ओढली.

पडद्यावर दिसत होती दक्षिण इटलीतली, ऑलिव्हच्या बागांमधली एका जमीनदाराची जुनी गढी. गेल्या उन्हाळ्यात ऊर्मिलानेच तिचा कोपरा न् कोपरा लेझरने मोजला होता. उत्तरेची भिंत तीन मीटर जाड निघाली. मोजण्यात चूक झाली, असं प्रोफेसर ब्रांटबाईंचं म्हणणं. आणि ते खरं निघालं तर पीएचडीचं अख्खं वर्ष पाण्यात. पण लहानपणापासून दर रविवारी बाबांबरोबर गड चढलेली ही मुलगी कसली ऐकते! भिंत पोकळ आहे, आत चोरवाट आहे, असं तिने छातीठोकपणे लिहून दिलं होतं. म्हणून आज भोक पाडून बघायचं ठरलं.

"अगं, श्वास तरी घे," शेजारी बसलेला उत्कर्ष म्हणाला. तोही पुण्याचा, याच लॅबमधला.

"तू घे. माझा अडकलाय."

गवंड्याने भोकातून बारीक कॅमेरा आत सरकवला. वीतभर दगड, हातभर दगड, आणखी दगड. मग पडदा एकदम काळाभोर झाला. दगड संपला होता.

"पोकळ आहे!" ऊर्मिला अशी किंचाळली की कॉरिडॉरमधली माणसं डोकावली. उत्कर्षने टेबल बडवलं. ब्रांटबाईंनाही हसू आवरेना.

"गेनाऊ! अगदी बरोबर! फ्राऊ पटवर्धन, तुमची मापं बरोबर. चूक माझी."

ऊर्मिलाला तिथल्या तिथे नाचावंसं वाटत होतं. "आता बघ उत्कर्ष, जिना खाली जाणार. वेढा पडला की मालक इथून पसार! आपल्याकडे गडागडावर चोरवाट असते तशी."

कॅमेऱ्याचा दिवा फिरला. जिना कुठेच नव्हता. दोन्हीकडून बुजलेला अरुंद बोळ, त्यात बसायला एक दगड आणि समोर भिंतीत जंगी. बंदूक रोखायची तीच निमुळती फट तिने गडांवर शेकडो वेळा पाहिली होती.

"पण ही तर आतल्या भिंतीत आहे, बाहेर शत्रूकडे नाही," उत्कर्ष म्हणाला.

ऊर्मिलाने गवंड्याला मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये कॅमेरा फटीला लावायला सांगितलं. पडद्यावर उजेड आला. खाली लांबलचक टेबल होतं, दोन्ही बाजूंना बाकं. ऑलिव्ह वेचणाऱ्या मजुरांचं जेवणघर. गेल्या उन्हाळ्यात ते मोजताना वाशाआडची ही फट तिला साधी भेग वाटली होती.

काहीतरी सापडलं एवढंच गवंड्याला कळलं होतं. कॅमेरा तसाच अडकवून तो धावत वळसा घालून जेवणघरात आला, बाकावर बसला आणि भिंतीकडे बघून लहान मुलासारखा हात हलवू लागला.

ऊर्मिलाने हात हलवायला वर उचलला, पण तो तसाच राहिला. बंदूक रोखायच्या त्या फटीच्या बरोब्बर मधोमध हसणाऱ्या गवंड्याचं कपाळ होतं.