शेवटचं कडवं

बी हिदायाने तिसऱ्यांदा सांगितलं, ही प्रेमाची कविता नाही. नवरीच्या आईने, सौमूने, तिसऱ्यांदा मान डोलावली आणि माइक तिच्या हातात दिला.

"पहिलंच कडवं म्हणा, बी. पोरींना तेवढंच येतं."

मांडवात सव्वाशेक बायका होत्या आणि सगळ्यांनी एकाच छापाचा खांगा गुंडाळला होता. निळ्या कापडाच्या काठाला बी हिदायाची ओळ छापलेली: तुझ्यासाठीच उघडं दार आहे. रमजानपासून या ओळीने पांगानी गावात उच्छाद मांडला होता. दारेसलामच्या कुणा मुलीने पहिलं कडवं गिटारवर गाऊन फोनवर टाकलं आणि मग ते रिक्षांच्या पाठीवर आलं, लग्नपत्रिकांवर आलं, केकवर आलं. लोक बी हिदायाला बाजारात थांबवून विचारत, एवढं प्रेम कसं हो केलंत? ती म्हणे, बाबांनो, चारही कडवी एकदा वाचा. ते हो हो म्हणत आणि तिला खेटून फोटो काढून घेत.

कविता एक्केचाळीस वर्षांपूर्वीची होती. तिचा नवरा कोंबो पेम्बा बेटावरून दुसरी बायको घेऊन आला, त्या आठवड्यात तिने ती लिहिली होती. तेव्हा रेडिओवर ती वाचली गेली, आणि चारही कडवी वाचली गेली.

कोंबो आज मांडवाबाहेर बदामाच्या झाडाखाली पुरुषांत बसला होता, पुढच्या खुर्चीत, नवी कोरी टोपी घालून. फोन घेऊन येणाऱ्या पोरापोरींना तो दोन महिने हेच सांगत होता की कविता आपल्यावरच लिहिलेली आहे. बी हिदायाला सगळ्यात जास्त वैताग याचा होता की हे खोटं नव्हतं.

नवरी ताउसी समोर उंच आसनावर बसली होती, मेंदीचे हात मांडीवर ठेवून. कार्टीला तान्ही असताना बी हिदायाने खेळवलं होतं. तिच्याकडे बघून बी हिदायाने राग गिळला आणि पहिलं कडवं म्हटलं.

*ये, उंबरा झाडून ठेवलाय,*
*माठाचं पाणी गार आहे;*
*दिव्यात तेल भरून ठेवलंय,*
*तुझ्यासाठीच उघडं दार आहे.*

शंभर फोन वर झाले. बायकांच्या चीत्कारांनी मांडव दणाणला. बी हिदाया खाली बसणार, तेवढ्यात कार्यक्रम चालवणाऱ्या बाईने माइक घेतला. ज्यांच्यासाठी हे लिहिलं गेलं ते भाग्यवान गृहस्थ बाहेरच बसलेत, ती म्हणाली, आपल्या ताउसीलाही असंच प्रेम लाभो. कर्ण्यातून ते बाहेर ऐकू गेलं आणि पुरुषांकडून टाळ्या आल्या. मांडवाच्या फटीतून बी हिदायाला दिसलं, कोंबो उठून, छातीवर हात ठेवून, लवून सगळ्यांचे आभार मानत होता.

तिने माइक परत घेतला. सौमूने तिची बाही धरली, ती तिने सोडवली.

दुसरं कडवं म्हटलं. पोरी अजून हसत होत्या. तिसऱ्या कडव्यात नवऱ्याच्या सदऱ्याला परक्या अत्तराचा वास आला आणि एकेक फोन खाली जायला लागला.

*ये, गाठोडं बांधून ठेवलंय*, तिने चौथं सुरू केलं, आणि पुढची ओळ आठवेना. एवढ्या वर्षांत ते कडवं कुणी मागितलंच नव्हतं. ती माइक धरून उभी राहिली. कर्ण्यातून फक्त तिचा श्वास ऐकू येत होता.

मागच्या कोपऱ्यात, चटईवर, म्हाताऱ्या बायका पान खात बसल्या होत्या. त्यांच्यातून एक घोगरा आवाज आला, मग दुसरा, मग सात-आठ जणी एका सुरात म्हणू लागल्या. कुणाच्या हातात कागद नव्हता.

*ये, गाठोडं बांधून ठेवलंय,*
*ओट्यावर सारं तयार आहे;*
*उचल, मागे पाहू नकोस,*
*तुझ्यासाठीच उघडं दार आहे.*

पोरी आपापल्या खांग्याच्या काठाकडे बघू लागल्या. मग बाहेर झाडाखाली एक म्हातारा खो खो हसला आणि ओरडला, "कोंबो, उचल की गाठोडं." सगळे पुरुष हसत सुटले.

सौमूने माइक हिसकावला, ढोलकीवाल्या बायकांना खूण केली. लग्नाच्या दिवशी असलं अभद्र म्हणतात का, असं ती दात आवळून पुटपुटली. बी हिदायाला आता कोंबोचंही काही वाटत नव्हतं; पोरीचा दिवस नासवला एवढंच वाटत होतं. ढोलक्या सुरू झाल्या, बायका नाचायला उठल्या, तेव्हा ती आसनाजवळ गेली आणि ताउसीला म्हणाली, माफ कर, पोरी.

ताउसीने वाकून तिचं मनगट धरलं.

"शेवटचं कडवं परत सांगा, बी."

"सगळ्यांनी घेतलंय ते फोनमध्ये. घे की कुणाकडून तरी."

"फोनमध्ये नको," ताउसी म्हणाली. "माझा फोन ते आत्तापासूनच बघतात. तुम्ही सावकाश सांगा. मी पाठ करते."

बी हिदायाने एकदा सौमूकडे पाहिलं. मग आसनाची कड धरून ती ताउसीच्या कानाशी वाकली आणि एकेक शब्द सांगू लागली. ओढणीआड ताउसीचे ओठ हलत होते.