साफ केलेला आवाज

माणसाचं अंतःकरण आवाजात उमटतं, असं ध्वनिसंपादक नेहमी सांगायचा. पगार मात्र त्याला ते पुसण्याचाच मिळायचा; पुढाऱ्यांच्या भाषणांतलं खाकरणं, अडखळणं, थांबणं तो कापायचा. धाकट्या बहिणीचं नैराश्य वाढलं, तेव्हा डॉक्टरांनी तिच्या बोलण्याचं ध्वनिमुद्रण मागवलं. ती कुठे, किती थांबते यावरून विचार किती मंदावलेत ते कळणार होतं. परक्यांपुढे बहीण बावळट वाटू नये म्हणून त्याने ते रीतसर साफ करून पाठवलं. डॉक्टरांचा फोन आला. “अहो, झकास बोलतेय की! औषध कशाला?” शेजारी बसलेल्या बहिणीने ऐकलं. “म्हणजे दादा, मी…” ती शब्द शोधत राहिली. “मी नुसती आळशीच ना?” “नाही गं. तुझं अडखळणं मीच कापलं.” “का?” “चांगली वाटावीस म्हणून.” त्याने मूळ ध्वनिमुद्रण पाठवायला घेतलं. तिच्या थांबण्यांसकट ते मेलमध्ये मावेना.