तट्ट्यापलीकडची वही

"टाचणं लिहीत बसायचं की मुलांना शिकवायचं?" असं पद्मजाबाईंनीच आधी विचारलं होतं. मालाडच्या शाळेत दोघींचे तिसरीचे वर्ग शेजारी, मध्ये नुसता बांबूचा तट्टा. तेव्हाच दोघींचं ठरलं, रोजच्या पाठाचं टाचण लिहायचं नाही आणि तपासणीला साहेब आले की तसं तोंडावर सांगायचं.

"तू बोल सिसिलिया, मी आहेच ना गं."

सिसिलियाबाईंनी कोरी टाचणवही कपाटात टाकली आणि घसा फोडून शिकवलं. वजाबाकीसाठी दोरीवर चाळीस बोंबील वाळत घातले, सात कावळ्याने पळवले. कावळा व्हायला मुलांची भांडणं लागायची. तट्ट्यापलीकडे मात्र वर्षभर चिडीचूप. पद्मजाच्या वर्गाला काय शिस्त आहे, असं त्यांना वाटायचं.

जानेवारीत साहेब आले. सिसिलियाबाईंनी ठरल्याप्रमाणे सांगून टाकलं आणि शेजारी पाहिलं. पद्मजाबाईंनी मान खाली घालून एक भरगच्च वही साहेबांपुढे ठेवली.

साहेब मोठ्याने वाचू लागले, "दोरीवर चाळीस पापड. सात कावळ्याने पळवले. एका मुलास कावळा करावे. वा, बाई."

बोंबलांचे तेवढे पापड झाले होते.

साहेबांनी शेरा लिहिला, वही मिटली आणि ती सिसिलियाबाईंच्या हातात दिली. "ही घरी नेऊन उतरवून काढा. आणि शेजारच्या वर्गात कसं शिकवतात, ते कधीतरी तट्ट्याला कान लावून ऐका."