टायर्नीसाहेबांची तपासणी

सुरैयाने फळ्यावरचा धडा इंग्रजीत अर्धा वाचला आणि खिडकीबाहेर बघून एकदम ओरडली, "टीचर, धूळ आयली! खिडक्या लावा!"

अमिरुन्निसाच्या हातातली पट्टी आपोआप चालली. सुरैयाच्या तळव्यावर एकच फटका बसला. "इंग्लिश!" अमिरुन्निसा दबक्या आवाजात म्हणाली, आणि मग धावत जाऊन तिने खिडक्या लावल्या. वाळू काचांवर तडतडायला लागली.

मागच्या बाकावर टायर्नीसाहेब बसले होते. हा आयरिश माणूस. हयात स्वतःच्या देशाच्या शिक्षण खात्यात घालवून आता कुवेतच्या खात्याचा सल्लागार झालेला. इथल्या फरवानिया भागातली ही दोन खोल्यांची शाळा कोकणातल्या मुसलमान कुटुंबांनी काढली होती. ती चालू ठेवायची की बंद करायची, ते आज साहेब सांगणार होते. म्हणून तर आठवडाभर अमिरुन्निसाने मुलांना बजावलं होतं, घरची बोली शाळेत चालणार नाही.

साहेब उठून पुढे आले. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"ती काय म्हणाली?"

"माफ करा, सर. पुन्हा नाही बोलणार."

"काय म्हणाली ते विचारतोय."

अमिरुन्निसाने अर्थ सांगितला. साहेब सुरैयासमोर वाकले. "पुन्हा म्हण बघू. तसंच, तुझ्या भाषेत."

सुरैयाने साहेबांकडे पाहिलं, मग टीचरच्या हाताकडे. तिने ओठ घट्ट मिटून घेतले. दोघांपैकी कोणाचं ऐकायचं, तिला कळेना.

साहेब एका लहानशा बाकाच्या कडेला बसले. बोलू लागले तेव्हा त्यांचा आवाज तपासणीचा राहिला नव्हता.

"माझ्या आजोबांनी इंग्रजांच्या राज्यात, शाळेत आमची आयरिश भाषा बोलल्याबद्दल मार खाल्ला, मॅडम. पुढे आमचं राज्य आलं. मग जी मुलं ती भाषा बोलत नव्हती, त्यांना आम्ही नापास केलं. मीसुद्धा केलं."

"मग बरोबर काय, सर?" अमिरुन्निसाने विचारलं. तिला खरंच हवं होतं उत्तर.

साहेबांनी चष्मा काढून रुमालाने पुसला. त्यावर धुळीचा कणही नव्हता.

"शाळा चालू राहू दे," शेवटी ते म्हणाले. "पण रोज एक तास मुलांनी आपल्या भाषेत बोलायचं." दाराशी जाऊन ते थांबले, दिलेला हुकूम बदलायचा असल्यासारखे मागे वळले, पण तसेच मोटारीत जाऊन बसले.

अमिरुन्निसाचा नवरा उस्मान तोंडाला रुमाल बांधून बाहेर शाळेच्या ओट्यावर उभाच होता.

"काय बोलले?"

"शाळा चालू राहील."

"अलहम्दुलिल्लाह! मग तुझं तोंड असं का?"

"रोज एक तास आपली बोली बोलायची म्हणाले. शाळेत."

उस्मानने तोंडावरचा रुमाल खाली ओढला. "त्यासाठी पोरांना शाळेत कशाला घालायचं? ती तर घरी गप्प बसत नाहीत."

अमिरुन्निसा वर्गात परतली. या तासाला पुस्तक नव्हतं, फळ्यावर लिहावं असंही काही नव्हतं. तिने पट्टी कपाटात ठेवली आणि मुलांसमोर खुर्चीवर बसली.

"आता बोला," ती म्हणाली. "कोणी मारणार नाही. आपल्या बोलीत, काय वाटेल ते बोला."

बाहेर वारा घोंघावत होता. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं, हाताची घडी घातली, आणि सगळी एका सुरात म्हणाली,

"येस, टीचर."